कसं झालंय?

‘कसं झालंय?’ हा प्रश्न वांग्याच्या भाजीबद्दल असला तर उत्तर सोपं असतं. बोलायचं नाही, आणखी वाढून घ्यायची. पण हाच प्रश्न कोणी स्वतः रचलेल्या गाण्याबद्दल विचारला, की भल्याभल्या सत्यवाद्यांचा रथ जमिनीला टेकतो. धर्मराजाला निदान हत्तीचं नाव पुढे करता आलं. आपल्यापुढे गिटार घेऊन सख्खा भाचा बसलेला असतो.

एका संस्कृत कवीने ब्रह्मदेवाला विनवलं होतं, की माझ्या कपाळी काय वाट्टेल ते लिही, पण अरसिकापुढे काव्य वाचायची वेळ लिहू नकोस. ऐकणाऱ्यांच्या वतीने असा अर्ज आजवर कोणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

भाच्याने गाणं केलं. शब्द त्याचे, चाल त्याची, गिटारही त्याचीच, म्हणजे हप्त्यांवर घेतलेली. आता गांधीबागेत घरी रेकॉर्डिंग करायचं तर पहाटे तीन ते पाच एवढाच मुहूर्त. पुढे खाली कापडाच्या गठाणी उतरू लागतात आणि हातगाडीवाले एकमेकांच्या खानदानाची मोठ्याने विचारपूस करतात. याने चार गाद्या उभ्या केल्या, मधे मोबाइल ठेवला आणि गायला. तिसऱ्या कडव्यात एक कुत्रं भुंकतं. सुरात भुंकतं, हे कबूल केलं पाहिजे.

‘मामा, ऐका अन् खरं खरं सांगा. भीड नका ठेवू,’ म्हणाला.

गाणं त्याच्या बाबांवर होतं. आमचे भाऊजी याच बाजारात एका पेढीवर मुनीम होते. दोन वर्षांपूर्वी गेले. ताईने ऐकताऐकताच पदर डोळ्यांना लावला. पदरापुढे समीक्षा काय करणार! पण ते रडू भाऊजींसाठी होतं की गाण्यासाठी, हे ताईलाही सांगता आलं नसतं, आणि पोराला नेमकं तेच जाणून घ्यायचं होतं.

बरं, गाणाऱ्याने स्वतःच्या कानांवर विसंबावं तर तीही सोय नाही. आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडं खर्जाला जरा जास्तच उचलून धरतात. रेकॉर्डिंगमध्ये हाडांची ही खुशामत नसते. म्हणून तर पहिल्यांदा ऐकताना ‘हा कोण बाप्पा चिरका माणूस?’ असं वाटतं. मग बिचारा दुसऱ्यांचे कान उसने मागत फिरतो.

घरोघरी त्याला ‘छान’ मिळालं. छान ही बेनामी हुंडी आहे. ती कुठे वटणार हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि हा गृहस्थ तेवढ्या ‘छान’वर नोकरी सोडायच्या बेतात होता! खोटं कौतुक करणारा दयाळू म्हणवून मोकळा होतो, बिल मात्र दुसऱ्याच्या नावावर फाडलं जातं.

याउलट ‘बंद कर हे’ म्हणावं, तर जाणकारही चुकतात. ‘शहीद’ (१९४८) या चित्रपटाच्या वेळी शशधर मुखर्जींनी लताबाईंचा आवाज फार बारीक म्हणून नाकारला. शिफारस करणारे गुलाम हैदर होते, तरीसुद्धा. १ जानेवारी १९६२ रोजी लंडनमध्ये डेक्का कंपनीने बीटल्सची गाणी ऐकली आणि त्यांना परत पाठवलं. नाकारलेल्या प्रत्येक गायकाला या गोष्टी तोंडपाठ असतात. बारीक आवाजाचे बाकीचे सगळे पुढे काय झाले, हे मात्र कोणी पाठ करत नाही.

मी भाच्याला एवढंच म्हटलं, की पहिलं कडवं मला पुन्हा ऐकावंसं वाटलं आणि तिसऱ्यात मी दोनदा घड्याळ पाहिलं. त्याने ते वहीत लिहून घेतलं. दोन दिवस माझ्याशी फार अदबीने वागला, यावरून काय ते समजलो.

ठोक कापडाच्या बाजारात मालाला छान-वाईट म्हणून भागत नाही. जुना शेठ कापडाचा काठ चिमटीत धरतो, उजेडाकडे करतो, एखादा धागा ओढून बघतो, कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासतो आणि म्हणतो, ‘रंग जाईल.’ त्यात विणकराचा अपमान नसतो आणि लाडही नसतो. भाऊजींच्या पेढीवरच्या शेठजींनी ते गाणं अगदी असंच तपासलं. गिऱ्हाइकं थांबवून ऐकलं, डोळे मिटून. मग म्हणाले, ‘बेटा, तुझे बाबूजी इतके जोरात कुठं चालत होते? तीन पायऱ्या चढायला त्यांना दहा मिनिटं लागत. हर पायरीवर कोणाशी तरी बोलत. तुझं गाणं तर गाडी पकडायला पळून राह्यलं.’ आणि पुढे म्हणाले, ‘आणखी एकदा लाव.’

आणखी एकदा लाव, असं तोवर कोणीही म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

नोकरी अजून आहे. पुढचं तो बघेल. पुन्हा गाद्या उभ्या राहिल्या, आणि साडेतीन मिनिटांचं गाणं आता पाच मिनिटांचं झालंय. मधे चक्क थांबतं, जिन्यावर कोणी भेटल्यासारखं. या खेपेला कुत्रं मात्र आलं नाही. ताईचं म्हणणं, ते हवं होतं.