बापाचं देणं

बाबांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी फणसवाडीतल्या आमच्या खोलीच्या दारात एक माणूस कागद घेऊन उभा राहिला. ‘बाबांचं कर्ज आता तुमच्या नावावर घ्या, सही करा.’ आई आतून म्हणाली, ‘करून टाक रे, बापाचं देणं डोक्यावर ठेवू नये.’

आईचं हे वाक्य फार जुनं आहे. स्मृतिकारांच्या मते ऋण हे नुसतं पैशाचं नाही, ते मेलेल्याला परलोकात जखडून ठेवतं. म्हणून ते मुलाने व्याजासकट फेडायचं, नातवाने फक्त मुद्दल, पणतूवर मात्र भार नाही. त्यातही याज्ञवल्क्याने मर्यादा घातली: दारू, जुगार, बाहेरख्यालीपणा यांपायी केलेलं किंवा दंडाचं कर्ज मुलाने देऊ नये. या विचाराच्या केंद्रस्थानी बापाची सुटका होती, सावकाराची वसुली नव्हती.

पुढे हाच धर्म इंग्रजांच्या कोर्टात गेला आणि त्याचं हत्यार झालं. मुंबई इलाख्यात तर बापामागे फुटकी कवडी मिळाली नसली तरी मुलाला जबाबदार धरलं जाई. बापाच्या आत्म्यासाठी सांगितलेलं कर्तव्य सावकाराच्या दाव्याचा आधार व्हावं, हा मला त्या नियमाचा विपर्यासच वाटतो.

तो १८६६ साली मुंबईच्याच कायद्याने थांबवला. त्या वर्षीच्या सातव्या कायद्याने हिंदू वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरती ठेवली. विधवेशी लग्न करणाऱ्यावर तिच्या पहिल्या नवऱ्याचं देणं येणार नाही, हेही त्यातच लिहिलं. पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळून तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. असं देणं आडवं येत असलेल्या बाईला हे कलम किती मोलाचं वाटलं असेल!

एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतला मुलाचा वाटा मात्र ‘पवित्र कर्तव्या’च्या नावाखाली पुढेही अडकत राहिला. ९ सप्टेंबर २००५ला हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि त्यानंतरच्या कर्जासाठी केवळ त्या कर्तव्यावर बोट ठेवून मुलावर दावा करता येईना. नॉमिनीला मिळणारा प्रॉव्हिडंट फंड तर मृताच्या कर्जापासून कायद्यानेच मोकळा ठेवलाय.

मी सही केली नाही. आई दोन दिवस बोलली नाही. मग वाण्याच्या वहीतली बाबांची उधारी मी चुकती केली, ते घरचं खाणं होतं. ती वही मिटली तेव्हा आई बोलायला लागली.

कुणाच्या दारात असा माणूस आला, तर बाबांचा मूळ करार मागा. तुम्ही जामीन किंवा सहकर्जदार होता का, ते आधी पाहा. तसं असेल तर जबाबदारी तुमची आहेच. नसेल, तर बाबांनी मागे काय ठेवलंय तेवढ्याचाच हिशेब होईल. नव्या कागदावर सही केलीत, की ते कर्ज तुमचं स्वतःचं होऊ शकतं. दुःखाच्या त्या दिवसांत कुठेही सही करू नका.