म्हाताऱ्या मांजरीचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण बदलीच्या नोकरीतल्या माणसाला कोणी समजावून सांगावी लागत नाही. परंतु बिऱ्हाडातले सर्वच काही पाठीवर घेता येते असे नाही. तंजावरहून बदलीचा हुकूम निघालेल्या एखाद्या कुटुंबाने आपली तेरा-चौदा वर्षांची मांजरी मागे ठेवायचे ठरवले आणि शेजारच्या घरी आधीच एक मांजरी असली, तर त्या शेजाऱ्याने काय करावे? प्रश्न दिसायला क्षुल्लक आहे; विचार करू लागले म्हणजे मात्र तो सहजासहजी सुटत नाही.

या मुलखात मांजरीला तत्त्वचर्चेत मानाचे स्थान आहे. श्रीवैष्णवांपैकी वडकलै पंथाच्या मते, माकडाचे पिल्लू आईला बिलगते त्याप्रमाणे जीवाने ईश्वराला धरून राहावे. तेंकलै पंथाच्या मते, मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. पहिला मर्कटकिशोरन्याय, दुसरा मार्जारकिशोरन्याय. आपल्याकडेही मांजरी पिलांना सात घरे दाखवते असे म्हणतात. टोपलीत घालून शेजारी पोचवलेली म्हातारी मांजरीही वरवर पाहता अशीच निश्चेष्ट, दुसऱ्याच्या स्वाधीन. पण पिलाला नेणारी आई त्याच्यापाशी राहते. येथे नेणारा खाली ठेवून निघून जातो. म्हणून हा न्याय येथे लागू पडत नाही, आणि उचलणाऱ्यावरची जबाबदारी त्यामुळेच वाढते. सोबत नेणे खरोखर अशक्य आहे, की केवळ गैरसोयीचे, हे त्याने आधी स्वतःला विचारले पाहिजे.

आता शेजाऱ्याकडे वळू. त्याला दया येते आणि तो होकार देतो. लोक त्याला उदार म्हणतात. पण त्या औदार्याची किंमत देते त्याच्या घरातली पहिली मांजरी. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचाच हा प्रकार. मांजर हा एकट्याने शिकार करणाऱ्या रानमांजराचा वंशज. घराचा कोपरा न् कोपरा ती स्वतःच्या वासाने आपलासा करते. परक्या मांजरीचा वास तिला पाहुण्याची वर्दी नसून आक्रमणाची सूचना वाटतो. उलट येणारीचे सांधे दुखरे, कान मंद, पुष्कळदा मूत्रपिंडेही दुबळी. तिला ना लढता येते, ना पळता येते.

सरफोजी दुसरे यांनी ओरत्तनाडूला छत्र उभारले, तेथे वाटसरूंना अन्न मिळे. परंतु छत्रातला पाहुणा पुढच्या वाटेला लागतो. त्याच्यामुळे कोणाची जागा कायमची जात नाही. आश्रय ही त्याहून कठीण गोष्ट आहे. त्याचे उदाहरण हवे तर सरस्वती महालाकडे पाहावे: नायकांच्या काळापासूनच्या ग्रंथसंग्रहाला मराठा राजांनी दूर सारले नाही, संस्कृत, तमिळ, तेलुगू हस्तलिखितांच्या शेजारी मराठीलाही जागा झाली. अर्थात राजे सैन्यानिशी आले होते, टोपलीतून नव्हे. तेव्हा हा दाखला फार ताणू नये.

तर मग नकार द्यावा काय? मला तसे वाटत नाही. दोन्ही पारड्यांतले दुःख सारखे नाही. एकीला काही आठवड्यांची, कदाचित महिन्यांची अस्वस्थता आहे. दुसरीपुढे रस्ता आहे, आणि त्या वयात रस्ता म्हणजे मरण. पहिलीची संमती घेता येत नाही हे खरे. म्हणूनच तिच्यावर पडणारा भार होईल तितका माणसाने स्वतःकडे घेतला पाहिजे. येणारीला आधी वेगळी खोली द्यावी; एकीच्या अंथरुणातले फडके दुसरीपाशी ठेवून वासाची ओळख करून द्यावी; बंद दाराच्या दोन बाजूंना दोघींना जेवू घालावे आणि मगच दार किलकिले करावे. वाट्या, पाण्याची भांडी, मातीची घमेली निरनिराळी असावीत. एवढा वेळ आणि एवढी जागा ज्याच्यापाशी नाही, त्याने होकार देण्यापेक्षा मांजर नसलेले दुसरे घर शोधून द्यावे. तीही दयाच होय.

आणि एवढे करूनही दोघींची मैत्री होईलच असे नाही. ती व्हावी हा आग्रह आपल्या समाधानासाठी असतो, त्यांच्यासाठी नव्हे. दोघी दोन कोपऱ्यांत निर्धास्त झोपल्या, तर शेजारधर्म पुरेसा पाळला गेला असे समजावे.