वाटेवरील मुके जीव आणि यात्रेकरूचा धर्म

वैनगंगेच्या तीरावर, चामोर्शी तालुक्यात वसलेले श्री क्षेत्र मार्कंडादेव हे विदर्भाची काशी म्हणून प्रसिद्ध आहे. येथे नदी उत्तरवाहिनी झाली असून महाशिवरात्रीच्या यात्रेस संपूर्ण विदर्भातून, तसेच तेलंगणा व छत्तीसगडमधूनही भाविक येतात. धानाची बांधी, मोहाची झाडे आणि विरळ-दाट जंगल यांतून जाणाऱ्या रस्त्याने येताना भाविकांच्या मुखी हरनाम असते. याच रस्त्याच्या कडेला कधी बरगड्या दिसू लागलेला, उठण्याचे त्राण नसलेला एखादा म्हातारा बैल पडलेला असतो. कधी वाहनाची धडक बसून मेलेली गाय वा म्हैस असते, तर कधी वरातीच्या कामातून निकामी ठरल्यावर सोडून दिलेला घोडाही दृष्टीस पडतो. वाहन क्षणभर मंदावते, कोणी हळहळते आणि प्रवास पुढे सुरू होतो.

येथे एक प्रश्न उभा राहतो. त्या जीवाला ज्याने इजा केली नाही, ज्याची त्याच्यावर मालकीही नाही, ज्याने त्याला केवळ पाहिले, त्याच्याकडे काही कर्तव्य येते काय?

कर्तव्य येत नाही असे मानणाऱ्यांची कारणे वरवरची नाहीत. पहिले कारण असे की, भाविक संकल्प करून निघालेला असतो व दर्शनाची वेळ टळणे त्याला दोषास्पद वाटते. दुसरे असे की, ज्याचे भोग त्याने भोगावेत, त्यात इतरांनी काय करावे? तिसरे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे. जनावराचा मालक बहुधा गरीब शेतकरी असतो. त्याच्याविरुद्ध वर्दी देऊन त्याला अडचणीत आणणे ही कोणती दया?

पहिल्या शंकेचे उत्तर संतचरित्रातच आहे. पैठणच्या श्रीएकनाथ महाराजांची कथा सर्वश्रुत आहे. रामेश्वराला अर्पण करण्यासाठी काशीहून आणलेले गंगाजल त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात घातले. सोबतच्या यात्रेकरूंना यात्रा निष्फळ झाली असे वाटले, तर नाथांना ती तेथेच पूर्ण झाली असे वाटले. ते गाढव नाथांचे नव्हते आणि त्याला तहानेने कोणी मारले याची चौकशीही त्यांनी केली नाही. त्यांनी पाहिले, एवढ्यानेच कर्तव्य निर्माण झाले. स्वर्गारोहणाच्या वेळी धर्मराजाने ज्या कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला, त्याचे नातेही वाटेत सोबत आल्याचेच होते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर तर या क्षेत्राच्या नावातच आहे. मार्कंडेयाचे आयुष्य सोळाच वर्षांचे ठरलेले होते. यम आला तो नियमानुसारच आला. तरीही लिंगाला मिठी मारलेल्या त्या बालकास भगवान शंकरांनी “हे तुझे प्रारब्ध आहे” असे सांगितले नाही. ते धावून आले. मृत्युंजयाच्या दर्शनास निघालेल्या भाविकाने वाटेतील जीवाकडे पाहून प्रारब्धाचा दाखला द्यावा, हे त्या कथेशी विसंगत ठरते. प्रारब्धाचा विचार स्वतःच्या दुःखात धीर देण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविण्यासाठी तो वापरू नये.

तिसऱ्या शंकेबाबत वस्तुस्थिती ध्यानी घ्यावी लागते. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावली जाते, तोच बैल काही वर्षांनी नांगरास निरुपयोगी होतो. 2015 पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीसही कायद्याने बंदी आहे. मात्र कायद्याने जीव वाचला तरी वैरणीचा प्रश्न सुटत नाही. उन्हाळ्यात कडबा व तणीस संपली की काही जनावरे मोकळी सोडली जातात. न मारणे आणि सांभाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने दुसरीची भरपाई होत नाही. 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार, जनावरास पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे, तसेच उपासमार होईल अशा स्थितीत ते सोडून देणे हा मालकाचा अपराध ठरतो.

तथापि चहाडी आणि वर्दी यांत भेद आहे. चहाडीचे लक्ष माणसाकडे असते, वर्दीचे लक्ष जीवाकडे असते. “अमुक ठिकाणी जनावर पडले आहे, उपचार हवेत” एवढे कळविण्यात कोणावरही आरोप नाही. उलट आजारी जनावराजवळ हतबल बसलेल्या शेतकऱ्याला पशुवैद्यक मिळाल्यास दोन जीवांना आधार होतो. हेतुपुरस्सर छळ दिसल्यास मात्र पोलिसांना कळविणे हेच योग्य आहे.

आता मेलेल्या जनावराविषयी. प्राण गेल्यावर कर्तव्य संपते असा समज आहे, परंतु जटायूचे अंत्यसंस्कार श्रीरामांनी स्वतः केले. पक्ष्याच्या देहालाही मान देण्याचा हा आदर्श आहे. त्याखेरीज येथे जिवंतांचे हितही गुंतलेले आहे. काळपुळी म्हणजेच फाशी रोगाने मेलेल्या जनावराच्या नाका-तोंडातून न गोठणारे काळसर रक्त येते. असे जनावर फाडले तर रोगाचे बीज मातीत अनेक दशके टिकते आणि माणसासही बाधते. लम्पी त्वचारोगाने 2022 साली राज्यात हजारो जनावरे दगावली. याच कारणास्तव 2009 च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या केंद्रीय कायद्याने अशा रोगाचा संशय येताच ग्रामपंचायतीस कळविणे बंधनकारक केले आहे. हे बंधन केवळ मालकावर नाही, इतरांवरही आहे.

जटायूच्या कुळाचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक मृत देहात राहते व ते मांस खाल्लेली गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, हे 2004 साली सिद्ध झाले. तोवर देशातील गिधाडांच्या काही जाती जवळजवळ नामशेष झाल्या होत्या. 2006 साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. 2023 साली किटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक यांनाही ती लागू झाली. गडचिरोली वनविभागाने चामोर्शी तालुक्यातील कुनघाडा परिसरासह काही ठिकाणी गिधाडांसाठी उपाहारगृहे उभारली. त्यासाठी गावात जनावर मेल्याची वर्दी वेळेवर आणि खरी मिळणे आवश्यक असते. जनावरास शेवटी कोणते औषध दिले होते, हे मालकाने प्रामाणिकपणे सांगितले नाही तर अन्नाचेच विष होते. येथे सत्य बोलणे हीच भूतदया ठरते.

आणखी एका गोष्टीचे स्मरण असावे. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम शतकानुशतके एका समाजावर जन्माने लादले गेले. हे काम सोडण्याचे आवाहन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 साली महाडच्या परिषदेत केले. म्हणून वर्दी देणे म्हणजे “कोणीतरी उचलून न्यावे” असा हुकूम सोडणे नव्हे. ज्याने जनावराचे दूध घेतले, श्रम घेतले, त्याच्या अंतिम व्यवस्थेची जबाबदारी प्रथम त्याची व नंतर ग्रामसंस्थेची आहे.

वर्दी ही कर्तव्याची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. दूरध्वनी करून पुढे निघून जाणे म्हणजे कधी कधी स्वतःच्या मनाचे समाधान करून घेणेच असते. शक्य असल्यास पाणी द्यावे, सावली करावी, मदत येईपर्यंत कोणीतरी थांबावे. मुक्या प्राण्यांना अभय हे संत गाडगेबाबांनी भुकेल्यांना अन्न व तहानलेल्यांना पाणी यांच्याच पंक्तीत बसविले होते.

भाविकांनी एवढे ध्यानी ठेवावे. आजारी वा जखमी जनावर दिसल्यास 1962 या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. वन्यप्राणी असल्यास वनविभागास 1926 वर कळवावे. मेलेले जनावर असल्यास ग्रामपंचायतीस वा पोलीस पाटलांस सांगावे. ठिकाण, जवळचे गाव आणि कानात पिवळा बिल्ला असल्यास त्यावरील 12 अंक नोंदवावेत. मृत देहास हात लावू नये.

गाभाऱ्यात जाण्यापूर्वी प्रत्येक भाविक नंदीला स्पर्श करून नमस्कार करतो. तो नंदी पाषाणाचा आहे व त्यास तहान लागत नाही. वाटेवरच्या नंदीला लागते. त्याच्यापाशी घालविलेली घटका दर्शनाच्या वेळेतून वजा होत नाही, अशी श्रद्धा ठेवून भाविकांनी यात्रा करावी.