मॉरिशस : रकान्यातली भाषा

मॉरिशसच्या जनगणनेत भाषेसाठी दोन रकाने ठेवण्याची पद्धत आहे. एकात घरी नेहमी बोलली जाणारी भाषा लिहायची, दुसऱ्यात पूर्वजांची. वाक्वा किंवा कास्कावेलकडच्या एखाद्या मराठी घरात पहिल्या रकान्यात बहुधा क्रिऑल लिहिली जाते, दुसऱ्यात मराठी. शेजारच्या घरात क्रिऑल आणि हिंदी, त्यापलीकडे क्रिऑल आणि तमिळ. दोन्ही उत्तरे खरी असतात, पण ती एकाच अर्थाने खरी नसतात. पहिले उत्तर कानाने पडताळता येते. दुसरे उत्तर म्हणजे आपण कोण, याविषयी त्या घराने केलेले निवेदन असते.

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत मात्र एकच रकाना असतो. राजधानी पोर्ट लुई, चलन रुपया, भाषा इंग्रजी. वर्षानुवर्षे छापल्या जाणाऱ्या या शेवटच्या शब्दाने बेटाचा सगळा इतिहास झाकून टाकला आहे. 2011 च्या जनगणनेनुसार 86.5 टक्के लोक घरी क्रिऑल बोलत होते, 5.3 टक्के भोजपुरी आणि 4.1 टक्के फ्रेंच. घरी इंग्रजी बोलणारे एक टक्काही नव्हते. 1968 च्या घटनेचे 49 वे कलम एवढेच सांगते, की विधिमंडळाची अधिकृत भाषा इंग्रजी असेल, पण सभासदाला सभापतींना उद्देशून फ्रेंचमध्येही बोलता येईल. संपूर्ण देशाची भाषा कोणती, याविषयी घटना काही म्हणत नाही. राष्ट्रगीत इंग्रजीत आहे, बहुतेक वर्तमानपत्रे फ्रेंच आहेत आणि बाजारातले, शेतातले, भांडणातले बोलणे क्रिऑल.

दीडशेहून अधिक वर्षे ब्रिटिशांच्या ताब्यात राहिलेल्या देशात इंग्रजी घरात का शिरली नाही, याचे उत्तर 1810 सालात आहे. त्याआधीचा इतिहास थोडक्यात पुरे. डचांनी 1598 मध्ये बेटाला आपल्या राजपुत्राचे, मॉरिसचे, नाव दिले आणि 1710 मध्ये ते सोडून गेले. 1715 मध्ये फ्रेंचांनी त्याचा ताबा घेतला आणि पुढे मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उसाचे मळे उभे केले. डिसेंबर 1810 मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले ते हिंदुस्थानच्या सागरी वाटेवरचे ठाणे म्हणून. तिथे वसाहत करायची त्यांना गरज नव्हती. शरणागतीच्या अटींत त्यांनी रहिवाशांचा धर्म, कायदे आणि रीतिरिवाज कायम ठेवण्याचे वचन दिले. रहिवासी म्हणजे अर्थातच फ्रेंच मळेवाले. लोकसंख्येत फार मोठ्या बहुसंख्येने असलेले गुलाम या करारात मालमत्ता म्हणूनच धरले गेले होते. नेपोलियनची दिवाणी संहिता राहिली, चर्च राहिले, मळे राहिले आणि त्यांच्याबरोबर फ्रेंचही राहिली. 1847 मध्ये वरच्या न्यायालयांत इंग्रजी सक्तीची झाली, म्हणजे इंग्रजी आली ती कागदावर. ब्रिटिश अधिकारी आले, सही करून परत गेले.

गुलामांची भाषा तोवर तयार झाली होती. मादागास्करचा माणूस, मोझांबिकचा माणूस आणि फ्रेंच मुकादम यांना एका मळ्यात कामापुरते तरी बोलावे लागत होते. मालकांच्या फ्रेंचमधून, पण मालकांच्या व्याकरणाशिवाय, ही भाषा घडली. चार्ल्स बेसाक यांनी 1880 मध्ये तिच्यावर पहिला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हाही तिला ‘पात्वा’, म्हणजे गावंढळ बोली, असेच म्हटले. क्रिऑल म्हणजे मोडकी फ्रेंच, ही समजूत आजही बेटावर आणि बेटाबाहेर ऐकू येते.

या समजुतीसाठी थोडे आडवाटेला जायला हरकत नाही. फ्रेंचमध्ये पाण्याला ‘ओ’ म्हणतात, पण बोलताना ‘द लो’ असे ऐकू येते. क्रिऑलमध्ये पाणी ‘दिलो’ झाले. पक्षी अनेकवचनात ‘लेझ्वाझो’ ऐकू येतात, म्हणून क्रिऑलमध्ये एक पक्षीसुद्धा ‘झ्वाझो’. तांदूळ ‘दिरी’, घर ‘लाकाझ’. ज्यांना कोणी पुस्तक दिले नाही त्यांनी शब्द कानाने तोडले, आणि कान जिथे तोडतो तिथेच तोडले. क्रियापदांचे तर त्याहून वेगळे. ‘मो मांझे’ म्हणजे मी खातो, ‘मो पे मांझे’ मी खात आहे, ‘मो फिन मांझे’ माझे खाऊन झाले, ‘मो ती मांझे’ मी खाल्ले, ‘मो पू मांझे’ मी खाणार आहे. क्रियापद जागचे हलत नाही आणि पुढचा एक लहानसा शब्द काळाचे सगळे काम करतो. फ्रेंच क्रियापदांची रूपे पाठ करणाऱ्या कोणालाही कळेल, की इथे काही मोडलेले नाही, नवे बांधलेले आहे. बटाटा, पाव आणि चावी पोर्तुगिजांकडून घेतलेल्या, दरबारी शब्द फारसीतून घेतलेल्या आणि संस्कृतापुढे शतकानुशतके स्वतःची बाजू मांडावी लागलेल्या मराठीला तरी हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

1835 मध्ये बेटावरची गुलामगिरी कायद्याने संपली. नुकसानभरपाई मिळाली मालकांना. मळ्यांना हात हवे होते, म्हणून त्याच्या आदल्या वर्षापासूनच हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर येऊ लागले. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरत तो आज आप्रवासी घाट म्हणून जागतिक वारसा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे अशी आली. बहुसंख्य भोजपुरी प्रदेशातली होती, मद्रासमार्गे तमिळ आणि तेलुगू आले आणि मुंबई बंदरातून प्रामुख्याने कोकणातली मराठी माणसे. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ या नावाने आजही नाचली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. मळ्यांवर मात्र दोन बोलींनी राज्य केले, भोजपुरीने आणि क्रिऑलने. तमिळ, तेलुगू आणि मराठी कुटुंबांनी आधी त्यांतली एक उचलली, पुढे बहुतेकांनी क्रिऑलच धरली. क्रिऑलनेही त्यांचे बरेच काही घेतले. रस्त्यावर मिळणारी डालपुरी, ‘फाराता’ झालेला पराठा, ‘सातिनी’ झालेली चटणी हे शब्द आज बेटावर सर्वांचे आहेत.

घरची भाषा अशी बदलत असताना पूर्वजांच्या भाषेला अगदी वेगळ्या कारणाने वजन आले. 1947 पर्यंत मताचा हक्क मालमत्तेवर आणि उत्पन्नावर बेतलेला होता. 1947 च्या नव्या घटनात्मक तरतुदीने तो साध्या अक्षरओळखीवर आणला. बेटावर चालणाऱ्या ठरावीक भाषांपैकी कोणत्याही एकीत सोपी वाक्ये लिहिता-वाचता आली की मत मिळणार होते. त्या यादीत इंग्रजी, फ्रेंच, हिंदुस्तानी, तमिळ, तेलुगू होत्या आणि सर्रास बोलली जाणारी क्रिऑलही होती. बासदेव विष्णुदयाल आणि त्यांच्या जनआंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या बैठकांतून मळ्यावरच्या माणसांना अक्षरे शिकवली. मतदार सुमारे 12 हजारांवरून 70 हजारांच्या पुढे गेले आणि 1948 च्या निवडणुकीत 19 पैकी 11 जागांवर भारतीय वंशाचे उमेदवार निवडून आले. घरी भोजपुरी बोलणारा माणूस मतासाठी हिंदी लिहायला शिकला. देवनागरी अक्षर म्हणजे मत, हे त्या पिढीने स्वतः अनुभवले होते. त्यांच्या नातवंडांच्या तोंडी हिंदी नसली तरी दुसऱ्या रकान्यात हिंदी का राहते, ते इथून समजते.

हा दुसरा रकाना पुढे आणखी जड झाला. विधिमंडळातल्या आठ जागा समाजांचे प्रतिनिधित्व समतोल राहावे म्हणून राखीव असतात. त्यांसाठी हिंदू, मुस्लिम, चिनी आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ असे चार गट धरले जातात आणि त्यांची मोजणी 1972 नंतर झालेली नाही. जनगणनेत समाज विचारायचा नाही असे ठरल्यावर समाज ओळखण्याची खूण म्हणून पूर्वजांची भाषा उरली. हिंदू गटातही मराठी, तमिळ आणि तेलुगू माणसे हिंदीभाषकांपासून आपले वेगळेपण भाषेच्या नावानेच सांगतात. 1983 च्या जनगणनेत हजारो मुस्लिमांनी पूर्वजांची भाषा अरबी अशी नोंदवली, जरी त्यांचे पणजोबा बिहारमधून किंवा गुजरातमधून आलेले होते. भोजपुरी बोलणाऱ्यांच्या वंशजांनी हिंदी लिहिली. रत्नागिरीच्या बोलीत बोलणाऱ्या आजोबांचा नातू शाळेत प्रमाण मराठी शिकतो. याला खोटेपणा म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. पूर्वजांची भाषा हा भूतकाळाचा दाखला कमी आणि आपल्या मुलांनी कोणत्या ग्रंथांशी, कोणत्या सणांशी जोडलेले राहावे याची निवड जास्त आहे.

या सगळ्या गुंत्यावर बेटावर एक उत्तर नेहमी दिले जाते. इंग्रजी कोणाचीच नाही, म्हणून ती सर्वांना सारखी. हिंदी आणली तर तमिळ रागावतील, फ्रेंच आणली तर मळेवाल्यांचे राज्य परत आल्यासारखे वाटेल, क्रिऑल आणली तर ती गुलामांच्या वंशजांची म्हणून इतर नाक मुरडतील. इंग्रजीत कोणाचाही वारसा गुंतलेला नाही. युक्तिवाद सुबक आहे आणि देश एकत्र राहिला, हा त्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो.

या युक्तिवादात समाजासमाजांतला समतोल आणि घराघरांतला समतोल यांची गल्लत आहे. हिंदू आणि मुस्लिम यांच्यामध्ये इंग्रजी तटस्थ असेल. क्युरपिपच्या ज्या घरात फ्रेंच बोलली जाते, कपाटात पुस्तके असतात, ते घर आणि उसाच्या मळ्याजवळचे क्रिऑल बोलणारे घर, यांच्यामध्ये ती मुळीच तटस्थ नाही. फ्रेंच वाचणाऱ्या मुलाला इंग्रजी पानावरचे निम्मे शब्द ओळखीचे वाटतात. 1957 च्या शिक्षणविषयक कायद्याने तिसरीपर्यंत योग्य वाटेल त्या भाषेत शिकवायची मुभा दिली, चौथीपासून इंग्रजी माध्यम ठरवले. व्यवहारात शिक्षक क्रिऑल किंवा फ्रेंचमध्ये समजावतात आणि मूल परीक्षा इंग्रजीत लिहिते. गणित येत असूनही प्रश्न वाचता आला नाही म्हणून नापास होणारे मूल कोणत्या समाजाचे आहे, हे तपासून त्याचे दुःख कमी होत नाही. तटस्थतेची किंमत नेहमी एकाच बाजूच्या घरांनी मोजली आहे.

मग उपाय उघड दिसतो. क्रिऑलला शाळेत जागा द्या. देव विरासामी यांनी 1960 च्या दशकापासून हेच सांगितले. तेलुगू वंशाच्या या भाषाभ्यासकाने क्रिऑलमध्ये नाटके लिहिली, शेक्सपिअर क्रिऑलमध्ये आणला. 2004 मध्ये विनेश हुकुमसिंग यांच्या अहवालातून सर्वांना चालेल अशी लेखनपद्धत पुढे आली, 2009 मध्ये आर्नो कारपुरां यांचा क्रिऑलचे अर्थ क्रिऑलमध्येच देणारा कोश आला, 2010 मध्ये अकादमी स्थापन झाली आणि जानेवारी 2012 पासून प्राथमिक शाळेत क्रिऑल ऐच्छिक विषय झाली. एवढ्या लढ्यानंतर हा विजयच मानायला हवा.

पण ती कोणत्या जागी बसवली गेली, ते पाहिले की हा निष्कर्ष डळमळतो. प्राथमिक शाळेत एक तास असा असतो, की वर्ग फुटतो. हिंदीची मुले एका खोलीत, उर्दूची दुसऱ्या, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनीची आपापल्या. ज्यांच्या पूर्वजांना त्यांची भाषा जहाजावरच गमवावी लागली, त्या आफ्रिकी वंशाच्या मुलांसाठी त्या तासाला काही नसे. हा अन्याय किती खोल होता ते 1995 मध्ये दिसले. या भाषांचे गुण प्राथमिकच्या अंतिम परीक्षेत क्रमवारीसाठी धरावेत की नाही, यावरून घटनादुरुस्ती आली, ती फसली, विधिमंडळ विसर्जित झाले आणि सत्ताधारी मॉरिशस बेटावरच्या सर्व 60 जागा हरले. 2012 मध्ये क्रिऑल आली ती याच तासात, याच यादीत. म्हणजे जवळजवळ सगळ्या देशाची घरची भाषा एका समाजाची पूर्वजांची भाषा म्हणून नोंदवली गेली. ती पहिल्या रकान्यातून उचलून दुसऱ्यात ठेवली गेली.

परिणाम असा, की घरी क्रिऑल बोलणाऱ्या मराठी वंशाच्या मुलाला मराठी की क्रिऑल हे निवडावे लागते. त्याच्यापुढे ही निवड ठेवण्याचे काहीच कारण नव्हते, कारण या दोन भाषा त्याच्या आयुष्यात एकमेकींच्या जागेसाठी भांडत नाहीत. एकीत तो आईशी बोलतो, दुसरीत आरती म्हणतो. आईवडील मराठी निवडतात आणि क्रिऑल ‘त्यांची’ ठरते. इंग्रजीची बाजू घेणारे म्हणत होते, की क्रिऑल आली तर ती एका गटाची मानली जाईल. त्यांचे म्हणणे भाषेविषयी चूक होते, पण या रकान्याविषयी ते बरोबर निघाले.

विरासामी या भाषेला क्रिऑल न म्हणता ‘मॉरिसियें’, म्हणजे मॉरिशसची, म्हणावे असा आग्रह धरत. हा आग्रह आधी नुसता नावाचा वाटतो. क्रिऑल हेच नाव गुलामांच्या वंशजांच्या समाजालाही आहे, एवढे लक्षात आले की त्याचे कारण कळते. घरच्या भाषेला स्वतःचे नाव हवे, कारण ती दुसऱ्या रकान्यात बसत नाही. तिची जागा ऐच्छिक विषयांच्या यादीत नाही, पहिलीच्या अंकगणितात आणि वाचनात आहे, जिथे सगळी मुले एकाच खोलीत बसलेली असतात. तसे झाले तर तो फुटणारा तास हिंदीला, तमिळला, मराठीला मोकळा राहतो आणि त्या तासाला आफ्रिकी वंशाच्या मुलांनी काय शिकावे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्या घरांचा राहतो. मलागासी, स्वाहिली, सेगा या लोकसंगीतातली गाणी, किंवा स्वतःच्या भाषेचेच साहित्य.