चोवीस इंच कुठे गेले?

पुन्हा "वेळ नव्हता"? अरे, लॉजमधल्या पहिल्याच रात्री तुझ्यापुढे चोवीस इंची पट्टी धरली होती. एकेक इंच म्हणजे दिवसाचा एकेक तास. केवढी मान डोलावली होतीस! मग त्यात महिन्यातली एक संध्याकाळ मावत नाही?

फ्रीमेसनरीच्या तीन डिग्र्या मिळेपर्यंत धावत यायचास. मास्टर मेसन झालास आणि पाय जड झाले. गरज सरो, वैद्य मरो.

आलास तरी तेच, मागच्या वेळचंच घे. दीक्षाविधीत तुझी वाक्यं किती होती? दोन. तीही पुस्तक मांडीवर घेऊन वाचलीस आणि वर ओळ चुकलास. तो नवा माणूस डोळ्यांवर पट्टी बांधून उभा होता. त्याला काय ऐकू आलं ठाऊक आहे? पान उलटल्याचा आवाज. "पाठच होत नाही हो" म्हणे! हायकोर्टात तासभर कागदाला हात न लावता बोलतोस. इथे फी नाही म्हणून जीभ अडते का?

आणि जेवणाच्या टेबलावर "लॉजचा दर्जा घसरला" म्हणून सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं? तूच. ज्याच्यासाठी मतपेटीत होकाराची पांढरी गोटी टाकलीस, त्या माणसाला आधी भेटला होतास? "कुणीतरी चौकशी केलीच असेल की." कुणीतरी! अरे शहाण्या, चौकशीच्या कागदावर सही तुझी आहे.

माणेकजी करसेटजींना मुंबईत लॉजचं दार उघडेना, तेव्हा ते पॅरिसात जाऊन मेसन झाले. तेही जहाजाच्या जमान्यात. १८४३ साली जेम्स बर्न्सनी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज काढली, तेव्हा कुठे इथल्या माणसाला इथल्याच लॉजमध्ये पाऊल ठेवता आलं. आणि तुला दादरहून फोर्टला यायला पाऊस आडवा येतो. परवा तर पाऊसही नव्हता. मी खिडकीतून पाहिलं.

स्वतःतला खडबडीत दगड घडवायला आलोय म्हणतोस. छिन्नी लावायची वेळ आली की बोटं दुखतात. तू मठ्ठ असतास तर एक शब्द बोललो नसतो, चहा पाजून वाटेला लावलं असतं. इतक्या वर्षांत तुझ्याइतका स्वच्छ आवाज मी दुसरा ऐकलेला नाही, म्हणून तर चीड येते.

पुढच्या सभेला नव्या माणसाला पट्टीचा अर्थ तू सांगायचास. पुस्तक घरी ठेवून ये. आणि तुझे लॉजचे हातमोजे धुवून आण. उजव्या करंगळीवर चहाचा डाग आहे.