आधी काडतूस ठरव!

मागचा उन्हाळा गेला. हाही निम्मा सरला. वायोमिंगच्या कुरणांत प्रेअरी डॉग बिळांबाहेर येऊन शिट्ट्या मारून परत बिळांत गेले, आणि तू अजून मला विचारतोयस, "सर, रायफलीला अ‍ॅक्शन कुठली घेऊ?"

रेमिंग्टन ७०० की सॅव्हेज? टिक्का की होवा? की एकदाचे पैसे मोजून डिफायन्सच घेऊन टाकू? प्रत्येक फोनला नवं नाव. आता मी एक विचारतो. काडतूस कुठलं ठरवलंस?

गप्प का झालास?

अरे, तू मेकॅनिकल इंजिनिअर आहेस. लेथवर हजारांश इंचात काम करणारा माणूस. डेटम ठरवल्याशिवाय तू ड्रॉइंगवर एक रेघ ओढत नाहीस. मग इथे डेटमचा पत्ता नाही आणि टॉलरन्सवर काथ्याकूट कसला करतोस? .२२३ रेमिंग्टन आणि .२०४ रुगर यांच्या बुडाच्या कडेचा व्यास ०.३७८ इंच. .२२-२५० चा ०.४७३. एकाच्या बोल्टचं तोंड दुसऱ्याला चालत नाही. काडतूस ठरलं की बोल्टचं तोंड ठरतं, मॅगझीन ठरतं, निम्मी यादी आपोआप गळते. हे तुला माहीत नाही असं सांगू नकोस. तुला सगळं माहीत आहे. वेड पांघरून पेडगावला चालला आहेस तू.

म्हणे ".२२-२५० सपाट जाते, सर." जाते. ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला ३६८० फुटांनी सुटते, .२२३ ची ३२४० ने. पण तो वेग फुकट मिळतो का? .२२३ मध्ये सुमारे २५ ग्रेन दारू जळते, .२२-२५० मध्ये ३५ च्या पुढे, आणि तीही तेवढ्याच व्यासाच्या नळीत. प्रेअरी डॉगच्या वस्तीवर माणूस दिवसाला शेकडो गोळ्या झाडतो. नळी तापते. चेंबरच्या पुढचा घसा जळत जातो. दिवसभर झाडायचं असेल तर .२२३ किंवा .२०४ घे. एखाददुसरा कोयोटी लांबून टिपायचा असेल तर .२२-२५० घे. यात अवघड काय आहे? तुला फक्त दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची आहेत: दिवसाला किती गोळ्या, आणि किती अंतरावर. ती देत नाहीस, कारण ती दिली की निवड संपेल आणि काम सुरू होईल.

खरं दुखणं तिथे आहे. तुला रायफल बांधायची नाहीये. तुला रायफल निवडत बसायचंय. निवडताना चूक होत नाही, हात काळे होत नाहीत, नेम चुकून फजिती होत नाही.

कस्टम अ‍ॅक्शनला मी नावं ठेवत नाही. चांगल्या कारखान्याची असली तर आटे नळीशी एका रेषेत असतात, बोल्टचं तोंड काटकोनात असतं, मापं इतकी पक्की असतात की अ‍ॅक्शन हातात न घेताही तिच्यासाठी नळी कापून मिळते. हा मोठा गुण आहे. पण अ‍ॅक्शनचं काम काय? काडतूस नळीच्या रेषेत धरायचं, दर वेळी तसंच घट्ट मिटायचं, टोपीवर दर वेळी तसाच ठोका द्यायचा, दस्त्यात ताण न घेता बसायचं. एवढंच. गोळ्या एका जागी पडतात त्या नळीमुळे, तिच्या तोंडाच्या कापणीमुळे, चेंबरमुळे आणि तू भरलेल्या काडतुसामुळे. सगळे पैसे अ‍ॅक्शनमध्ये घातलेस तर क्रिगर किंवा लिल्याची नळी कशाने घेणार? मागच्या वेळी म्हणालास, "नळी साधीच घालतो, नंतर बदलू." ऐकून मला राग आला नाही, वाईट वाटलं. इतक्या वर्षांत मी तुला हेच शिकवलं का?

बरं, रेमिंग्टन ७०० म्हणतोस. चांगली आहे. १९६२ पासून बाजारात आहे. ती घडवणारा माइक वॉकर स्वतः बेंचरेस्टचा नेमबाज होता, .२२२ रेमिंग्टन हे काडतूसही त्याचंच. गोल रिसीव्हर लेथवर धरायला सोपा, म्हणून बंदूक-कारागिरांचा हात तिच्यावर बसलेला. चाप, दस्ता, मॅगझीन, जे मागशील ते तिच्या मापात मिळतं. पण रिकॉइल लग ही नळी आणि रिसीव्हर यांच्यात चेपलेली वेगळी पट्टी आहे. गोल अंग दस्त्यात फिरू नये म्हणून बेडिंग नीट करावं लागतं. ते कोण करणार, विचार केलास? जुनी रायफल घेऊन तिची अ‍ॅक्शन वापरणार म्हणालास. २०१४ साली कंपनीने एक्स-मार्क प्रो चाप परत मागवले होते, त्यातला तर नाही ना हे पाहिलंस? नाही पाहिलंस. तू मला विचारलंस की बोल्टवरच्या खाचा सरळ बऱ्या दिसतील की पिळाच्या! लोडेड रायफलच्या चापाची चौकशी नाही आणि खाचांची नक्षी हवी. लाज वाटू दे जरा.

होवाचं बूड सपाट, रिकॉइल लग अंगचाच. बेडिंगला उत्तम. टिक्काचा बोल्ट लोण्यासारखा चालतो. दोन्हींनी तुझं काम होईल. पुढे चल.

आता सॅव्हेजबद्दल बोलू, कारण तिचं नाव निघालं की तू विषय बदलतोस. निकोलस ब्रूअरने आखलेली ११० मालिका १९५८ ची. नळी एका नटाने आवळलेली. पाना, नळी धरायचा शिकंजा आणि हेडस्पेस गेज एवढ्यावर घरच्या टेबलावर नळी बदलता येते. कारागिराकडे महिनोन् महिने रांग लावायची गरज नाही. बोल्टचं डोकं वेगळा तुकडा आहे, पिनेने अडकवलेला, किंचित हलणारा, त्यामुळे दोन्ही लॉकिंग लग आपोआप सारखे टेकतात. आणि नळीबरोबर ते डोकंही बदलता येतं! आज .२२३, उद्या वाटलं तर .२२-२५०. मॅगझीन तेवढं वेगळं बघावं लागेल. ज्याचं काडतूस ठरत नाही आणि ज्याच्या हातात कसब आहे, त्याच्यासाठी याहून सोयीची अ‍ॅक्शन मला माहीत नाही. म्हणजे तुझ्यासाठी.

मग ती का नको? मी सांगतो. रेंजवर शेजारच्या बाकावरचा माणूस विचारील, "हे काय, सॅव्हेज?" म्हणून. तो नट दिसायला ओबडधोबड, म्हणून. अचूकता, कडकपणा, बोल्टची घडण ही सगळी सबब आहे. तुला लोकांच्या नजरेची भीती वाटते आणि तिला तू अभियांत्रिकीचं नाव देतोस. इतर कोणाला फसव. स्वतःला फसवू नकोस.

नेमाचं काय? शेवटचा रेंजवर कधी गेलास? आणि तीन गोळ्यांच्या समूहाचा तो फोटो मला परत पाठवू नकोस. तीन गोळ्या कोणाच्याही नशिबाने शेजारी पडतात. दहा झाड, मग बोल. ३०० यार्डांवर ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी आठ-दहा इंच ढकलतो. प्रेअरी डॉगचं अंग किती रुंद? जेमतेम तीन-चार इंच. गवत कुठे झुकलंय, तापल्या हवेची लहर कुठल्या बाजूला वाहते, हे कुठली अ‍ॅक्शन वाचून देणार आहे तुला? नाचता येईना अंगण वाकडे, हे म्हणायची वेळ अजून आलेली नाही, कारण तू अंगणातच उतरलेला नाहीस.

आणि तो किलोभराचा का होईना, जीव आहे. एका गोळीत संपवता येत नसेल तर त्या अंतरावरून झाडायची नाही. जखमी होऊन बिळात शिरलेला प्राणी मोजता येत नाही, म्हणून तो हिशेबात नाही असं समजू नकोस. कुठे झाडणार आहेस ते तरी पाहिलंस का? दक्षिण डकोटातल्या कोनाटा बेसिनमध्ये काळ्या पायांचं फेरेट टिकवलंय, ते प्रेअरी डॉगवरच जगतं; तिथे या शिकारीला बंदी आहे. यूटाच्या प्रेअरी डॉगला केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे. शिशाची गोळी शरीरात फुटून तुकडे राहतात आणि ते मढं गरुड-ससाणे खातात. शिसं नसलेल्या गोळ्याही मिळतात. बोल्टच्या खाचांवर तू रात्री जागवल्यास. यातल्या एकाही गोष्टीवर तुझा एक प्रश्न आला नाही.

आणि एक, सॅव्हेज घेशील तर हेडस्पेसची गो आणि नो-गो ही दोन्ही गेज आधी आण. नो-गोवर बोल्ट मिटला तर गोळी झाडायची नाही. "जरासाच मिटतो" हे मला चालणार नाही.

तुझ्या हातात कसब आहे. माझ्या हाताखालून गेलेल्यांत फार थोड्यांच्या हातात ते होतं. म्हणूनच एवढं बोलतोय. दुसरा कोणी असता तर "घे बाबा कुठलीही" म्हणून फोन ठेवला असता.

शनिवारपर्यंत मला चार गोष्टी लिहून पाठव. काडतूस. अंतर. दिवसाच्या गोळ्या. नळी कोण बसवणार. त्या चार ओळींत अ‍ॅक्शनचं नाव नको. आणि त्या ओळी आल्याशिवाय मला फोन करू नकोस.