वरच्या शेताची माती

खालापूर तालुक्यात, चौकच्या बाजूला, डोंगराच्या उतारावर एका घराची दोन एकर वरकस जमीन होती. वाटणीत चिठ्ठ्या टाकल्या. वरचा एकर विधवा काकीला आला, खालचा पुतण्याला. पुतण्या मनातून सुखावला. वर मुरमाड, खाली माती. शिवाय ओहोळ हाकेच्या अंतरावर.

काकी वर नाचणी-वरी करायची. पुतण्याने खाली वाडी उभी केली. रोजगार हमीतून फळबागेला 1990 पासून अनुदान मिळतं, ते घेऊन त्याने आंब्याची आणि काजूची कलमं लावली. मधल्या जागेत हळद, सुरण. मांडवावर पडवळ, शिराळी. खालच्या कडेला दगडांचा गडगा रचला. पावसाळ्यात वरून गढूळ पाणी येई, गडग्याशी अडे आणि मागे गाळ ठेवून जाई. "काकीचं शेत फुकटात माझी वाडी भरतंय," असं तो पारावर हसत सांगे.

एका उन्हाळ्यात काकी खाली आली. "अरे, आता कुदळ मारली की ठिणगी उडते. उताराला आडवे चर खणायचे म्हणते. चार दिवस दोन माणसं दे."

"काकी, माझीच कामं उरकत नाहीत. आणि नाचणीला चर कशाला हवेत?" पुतण्या म्हणाला. चर खणले की आपल्याकडे येणारा गाळ थांबेल, हे मात्र त्याने बोलून दाखवलं नाही.

या भागात पावसाळ्यात 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. वर माती होती तोवर पाणी थोडं मुरत होतं आणि उरलेलं माती घेऊन उतरत होतं. माती सरल्यावर मुरायचं थांबलं. दोन पावसाळ्यांनंतर आषाढातल्या एका रात्री पाणी मुरूम आणि गोटे घेऊन आलं. गडगा फुटला, हळदीचे वाफे मुरमाखाली गेले, कलमं आडवी झाली.

सकाळी पुतण्या वर गेला. जिथे नाचणी डोलायची तिथे जागोजागी कातळ उघडा पडला होता.

"माती शोधायला आलास?" काकी म्हणाली. "माझी तर केव्हाच तुझ्याकडे आलीय."

दिवाळीनंतर पुतण्या पहार-कुदळ घेऊन स्वतः वर गेला. कृषी सहाय्यकाने तीन बांबूंची चौकट बांधून तिला ओळंबा लावला आणि सारख्या पातळीच्या रेषा आखून दिल्या. त्या रेषांवर दोन फूट रुंद, एक फूट खोल चर निघाले. खणलेला मुरूम खालच्या अंगाला बांध म्हणून रचला, त्याच्यावर गिरीपुष्पाच्या फांद्या खोवल्या. कड्याखालच्या खड्या पट्ट्यात मात्र सहाय्यकाने कुदळ लावू दिली नाही. "इथे पाणी मुरवायचं नाही. गवत आणि झाडी राखा." 19 जुलै 2023 च्या रात्री दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी याच तालुक्यातली, कुणाला अधिक समजवावं लागलं नाही.

मग पुतण्याने गडग्यामागचा जुना गाळ घमेल्यांत भरला आणि काकीच्या शेतात काजूसाठी खणलेल्या खड्ड्यांत नेऊन ओतला. माती खाली यायला पावसाची एक सर पुरते; वर न्यायला माणसाचं डोकं लागतं, हे त्याला त्या चढावर कळलं.

पुढच्या पावसाळ्यात पाणी संथ उतरलं. वाडीत गाळ आला नाही, पण नवा गडगाही ढळला नाही. पाऊस सरल्यावर खालच्या जमिनीत ओल नेहमीपेक्षा जास्त दिवस टिकली. पारावर कुणी विचारलं, "यंदा फुकटची माती नाही वाटतं?" पुतण्या म्हणाला, "फुकटची नव्हतीच. काकीची होती."

तात्पर्य : शेजाऱ्याच्या झिजण्यावर जो पिकतो, त्याच्या वाट्याला शेवटी दगड येतात. उतारावर वाडी करायची तर काम वरच्या बांधापासून धरावं, सातबारा कुणाच्याही नावावर असो.